क्ष जातो तरी कुठं?

जून उजाडला की या सदराच्या टपालात बदल दिसतो. एरवी व्याज, टक्केवारी, क्षेत्रफळ असे प्रश्न येतात. जूनमध्ये दहावीचं गणित भाग १ उघडलं जातं, आणि त्यातलं पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं आहे. या वेळी आलेल्या पत्रांतून पाच निवडली. पत्रं लांब होती, इथं त्यांचा गाभा तेवढा ठेवला आहे. पुस्तकात चलांसाठी इंग्रजी अक्षरं असतात. मी ज्या फळ्यासमोर शिकले तिथं क्ष आणि य असायचे, म्हणून इथंही तेच लिहिते.

बाई, मी समीकरणं सोडवतो, उत्तर बरोबर येतं. पण एका समीकरणातून दुसरं वजा केलं की क्ष जातो, असं सर सांगतात. जातो म्हणजे कुठं जातो? आणि एक समीकरण दुसऱ्यातून वजा करायची परवानगी कुणी दिली? विचारलं तर म्हणाले, आधी पन्नास गणितं कर, मग कळेल. पन्नास झाली, कळलं नाही.
— दहावीतली विद्यार्थिनी, राजारामपुरी

पत्रात तू ‘सोडवतो’ लिहिलंयस. संपादकांना मी कळवलं आहे की कोल्हापूरची मुलगी असंच बोलते, तिचा शब्द बदलू नका.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला शाळेत मिळालं नव्हतं, मार्केट यार्डात मिळालं. माझे वडील गुळाच्या अडतीवर तोलाईदार होते. दिवाळी पाडव्याला सौदे निघाले की पुढं कित्येक महिने त्यांना दुपारी घरी यायला फुरसत नसायची. डबा पोचवायचं काम माझ्याकडं होतं. मी सहावीत असेन. त्या दुपारी एकाच गुऱ्हाळाचा गूळ आला होता, काही रवे, म्हणजे ढेपा, मोठे, काही लहान. काट्यावर पहिल्या खेपेला दोन मोठे रवे आणि तीन लहान चढले, वजन भरलं ९० किलो. दुसऱ्या खेपेला दोन मोठे आणि पाच लहान, वजन ११० किलो. वडिलांनी वहीत दोन्ही आकडे टिपले आणि हात पुसत मला विचारलं, ‘‘मोठे दोन्ही खेपांना दोनच होते. मग हे वरचे वीस किलो कुणाचे?’’

मी म्हटलं, जादाच्या दोन लहान रव्यांचे.

‘‘मग एक लहान रवा केवढ्याचा?’’

दहा किलोचा. आणि मग मोठा तीस किलोचा, कारण नव्वदातून तीन लहानांचे तीस गेले की दोन मोठ्यांचे साठ उरतात. हे सगळं मी डबा हातात धरून उभ्याउभ्या सांगितलं. क्ष हे अक्षर गणितात असतं हे मला तोवर माहीतही नव्हतं.

आता तेच फळ्यावर लिहू. मोठा रवा क्ष किलोचा, लहान य किलोचा.

२क्ष + ५य = ११०
२क्ष + ३य = ९०

वरच्यातून खालचं वजा केलं की २य = २०. तू म्हणशील, क्ष गेला. तो कुठंही गेलेला नाही, काट्यावर जिथं होता तिथंच आहे. दोन्ही खेपांमध्ये तो सारखाच असल्यामुळं त्या दोन खेपांच्या *फरकात* त्याचा वाटा नाही, एवढंच. आपण प्रश्न बदलला आहे. ‘काट्यावर एकूण किती’ असं विचारत होतो, ते सोडून ‘दुसऱ्या खेपेला किती जास्त आणि कशामुळं’ असं विचारलं. या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात क्ष येत नाही. पुस्तकात याला ‘चलाचा लोप’ म्हणतात. शब्द चांगला आहे, पण तो ऐकून मुलांना वाटतं की काहीतरी गायब केलं जातं. माझ्या वर्गात मी नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत ‘लोप’ म्हणतच नसे, ‘सारखं करा आणि फरक बघा’ एवढंच म्हणत असे.

परवानगीचं म्हणशील तर ती बरोबरच्या चिन्हानं दिली. ‘२क्ष + ३य’ आणि ‘९०’ ही एकाच वजनाची दोन नावं आहेत. ११० मधून तू ९० काढलेस, तर डाव्या बाजूनंही तेवढंच वजन काढायला हवं. तिथं ते ‘२क्ष + ३य’ या नावानं काढलं. दोन्हीकडून वजन तेवढंच गेलं, म्हणून बरोबरी टिकली.

सहगुणक, म्हणजे चलांआधीचे आकडे, सारखे नसतील तेव्हा काय? समज पहिल्या खेपेला तीन मोठे आणि चार लहान, वजन १३०, आणि दुसऱ्या खेपेला दोन मोठे, पाच लहान, वजन ११०. मोठे सारखे नाहीत, म्हणून फरक बघून काही कळत नाही. मग पहिली खेप दोनदा आली असं धर: सहा मोठे, आठ लहान, २६० किलो. दुसरी तीनदा आली असं धर: सहा मोठे, पंधरा लहान, ३३० किलो. मोठे आता सहा-सहा झाले. फरक सात लहान रव्यांचा, म्हणजे ७० किलो. एक लहान दहाचा. समीकरणाला २ नं किंवा ३ नं गुणायचं ते याच्यासाठी.

एक गोष्ट मात्र वडील वजनाआधी बघून घेत, आणि ती मी तुझ्याकडं मुद्दाम सोपवते. गूळ एकाच गुऱ्हाळाचा, एकाच साच्यातला आहे ना? पहिल्या खेपेतला मोठा रवा तीस किलोचा आणि दुसऱ्या खेपेतला अठ्ठावीसचा असेल, तर फरक काढण्यात अर्थ नाही. ‘एकसामयिक’ या अवघड शब्दात तेच सांगितलं आहे: दोन्ही समीकरणांत क्ष तोच, य तोच, एकाच वेळी. हा शब्द पाठ करतात सगळे, पण गणिताला हात घालण्याआधी त्याची खात्री फार थोडे करतात.

वजाबाकी करताना माझी चिन्हं चुकतात. रीत बरोबर असते, उत्तर चुकतं. काय करू?
— विद्यार्थी, इचलकरंजी

वजाबाकी करूच नकोस. खालच्या समीकरणाची सगळी चिन्हं बदलून ते नव्या ओळीत पूर्ण लिही आणि बेरीज कर. उदाहरणार्थ

५क्ष − ३य = १४
५क्ष + २य = २४

दुसरं बदलून लिहिलं की −५क्ष − २य = −२४. आता बेरीज: −५य = −१०, य = २, आणि क्ष = ४. एक ओळ जास्त लागते, पण चूक करायला जागा उरत नाही. समीकरणांखाली बारीक बारीक वजा-वजा लिहून चिन्हं बदलायची पद्धत बहुतेक वर्गांत आहे. त्यात डावीकडची दोन चिन्हं बदलली जातात आणि बरोबरच्या पलीकडचं तिसरं राहून जातं. मी स्वतः बोर्डाच्या परीक्षेत असं तिसरं चिन्ह विसरले होते. उत्तर अपूर्णांकात आलं, ते विचित्र दिसत होतं, तरी मी पडताळा घेतला आणि तो जुळला! मग निर्धास्त होऊन पुढच्या प्रश्नाकडं गेले.

पडताळा का जुळला, हे नीट समजून घे. मी चुकीचा य पहिल्या समीकरणात घालून क्ष काढला होता, आणि पडताळाही पहिल्याच समीकरणात घेतला. तिथं तो जुळणारच, कारण क्ष तिथूनच काढला होता. चुकीच्या कुठल्याही य साठी तो जुळला असता. म्हणून पडताळा घ्यायचा तो *दुसऱ्या* समीकरणात, आणि तोही प्रश्नपत्रिकेत छापलेल्या मूळ रूपात, तू गुणून-बदलून लिहिलेल्या रूपात नव्हे. अर्धा मिनिट लागतो.

नोकरीवरून आल्यावर मुलाचा अभ्यास घेते. काल एका गणितात दोन्ही चलं गेली आणि ० = ० उरलं. दुसऱ्यात ० = २० आलं. गणितं चुकीची छापली आहेत का?
— एक आई, कळंबा

गणितं बरोबर आहेत आणि तुमचं सोडवणंही बरोबर आहे. ० = ० हे त्या गणिताचं उत्तर आहे, ० = २० हेही. मुलाला सांगताना या दोन पावत्या दाखवा.

रविवारी सकाळी तुम्ही मिसळ खायला गेलात. तुमच्या टेबलावर दोन मिसळ आणि एक ताक, बिल १९० रुपये. शेजारच्या टेबलावर चार मिसळ आणि दोन ताक, बिल ३८०. (कट कितीही मागितला तरी बिलात येत नाही, म्हणून तो सोडला.) यावरून मिसळ केवढ्याची ते सांगता येईल? मिसळ ८० आणि ताक ३० असू शकेल. मिसळ ८५ आणि ताक २० असू शकेल. ७५ आणि ४० सुद्धा. कारण शेजारच्यांनी तुमच्याच मागणीची दुप्पट मागवली आणि दुप्पट पैसे दिले. पावत्या दोन असल्या तरी माहिती एकच आहे. पहिलं समीकरण दुपटीनं लिहून दुसऱ्यातून वजा करा, ० = ० येईल. दुसऱ्या पावतीनं नवं काही सांगितलं नाही, हे तो शून्य सांगतो.

आता शेजारच्यांचं बिल ४०० आलं असं समजा. दोन मिसळ-एक ताक १९० ला, मग त्याची दुप्पट ४०० ला कशी? कुठल्याच दरानं हे बसत नाही. गल्ल्यावर काहीतरी चुकलं आहे. वजा केलं की ० = २० येतं, म्हणजे वीस रुपयांचा खुलासा होत नाही. अशा जोडीला उकल नसते.

आलेख काढायला लावलात तर मुलाला तेच डोळ्यांनी दिसेल. पहिल्या जोडीच्या दोन रेषा एकमेकींवर बरोबर पडतात, दुसऱ्या जोडीच्या समांतर जातात. आणि एक चूक टाळा. ० = ० आल्यावर ‘अनंत उकली आहेत’ असं लिहून मुलं पुढं जातात, आणि विचारलं की म्हणतात, कुठलीही किंमत चालते. कुठलीही चालत नाही. मिसळ ८० आणि ताक ५० धरलं तर बिल २१० होतं, ते बसत नाही. अनंत उकली आहेत, पण त्या सगळ्या त्या एका रेषेवरच्या आहेत.

मी बँकेतून निवृत्त झालो. नातवाला दहावीत ‘क्रेमरची पद्धत’ आहे. आमच्या वेळी चलाचा लोप करायला शिकवायचे. हे क्रेमर कोण? आपल्या भास्कराचार्यांनी ही समीकरणं सोडवलेली नव्हती का? आणि नातवानं कुठली पद्धत धरावी?
— आजोबा, मंगळवार पेठ

गॅब्रिएल क्रेमर (१७०४–१७५२) स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाचे. पाच बिंदूंमधून जाणारा वक्र शोधायचा म्हणजे पाच अव्यक्तांची, म्हणजे पाच चलांची, पाच समीकरणं सोडवावी लागतात. त्यासाठी १७५० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हा नियम दिला. निश्चयकांची, म्हणजे या नियमात सहगुणकांपासून तयार होणाऱ्या संख्यांची, कल्पना त्याआधी जपानमध्ये सेकी यांनी आणि युरोपात लायब्निझ यांनी, दोघांनी सतराव्या शतकात, स्वतंत्रपणे मांडली होती.

नातवाला ही पद्धत निराळी वाटत असेल, म्हणून वरच्या गुळाच्या दुसऱ्या गणिताला ती लावून दाखवा: ३क्ष + ४य = १३० आणि २क्ष + ५य = ११०. निश्चयक ३ × ५ − ४ × २, म्हणजे ७. हा सात तुम्ही वर पाहिला आहे. मोठे रवे सहा-सहा केल्यावर ‘सात लहान रव्यांचे सत्तर किलो’ उरले होते, तोच. आणि य चा निश्चयक ३ × ११० − १३० × २, म्हणजे ७०, हे तेच सत्तर. य = ७० ÷ ७ = १०. क्ष चा निश्चयक १३० × ५ − ४ × ११० = २१०, म्हणून क्ष = ३०. क्रेमरची पद्धत म्हणजे चलाचा लोपच, एकदा अक्षरांवर करून त्याचं सूत्र बांधून ठेवलेला. हे दिसलं की पाठांतराचं ओझं निम्मं होतं.

दोन चलं असतील तोवर दोन्ही पद्धती सारख्याच. परीक्षेत ज्या पद्धतीनं सोडवायला सांगितलं असेल तिनं सोडवावं. पण अव्यक्तं वाढली की क्रेमरचा नियम हातानं चालत नाही. दहा अव्यक्तांसाठी एकेक निश्चयक उलगडला तर ३६,२८,८०० पदं होतात, आणि असे अकरा निश्चयक लागतात. लोपाची पद्धत तिथंही चालते. म्हणून सवय लोपाची असावी असं माझं स्पष्ट मत आहे.

भास्कराचार्यांबद्दल तुम्ही विचारलंत याचा आनंद झाला. जन्म १११४ चा, आणि छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, सिद्धांतशिरोमणी लिहिला. त्याचे लीलावती आणि बीजगणित हे पहिले दोन भाग. लीलावतीत ‘संक्रमण’ नावाची रीत आहे: दोन संख्यांची बेरीज १०१ आणि वजाबाकी २५, तर संख्या कुठल्या? बेरजेत वजाबाकी मिळवून अर्धं करा, ६३. वजा करून अर्धं करा, ३८. नातवाच्या पुस्तकात सहगुणकांची अदलाबदल झालेली गणितं असतील, म्हणजे समजा ३७क्ष + ४३य = २७१ आणि ४३क्ष + ३७य = २८९. ती गुणाकार करून सोडवायला गेलं तर पान भरतं. दोन्ही समीकरणांची बेरीज केली की क्ष + य = ७, वजाबाकी केली की क्ष − य = ३, आणि मग भास्कराचार्यांचं संक्रमण: ५ आणि २.

बीजगणितात तर अव्यक्तांना रंगांची नावं आहेत. पहिलं तेवढं यावत्तावत् (‘जितकं तितकं’), मग रंग: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना या, का, नी, पी, लो. काळा, निळा, पिवळा, लाल! मला आजही हे क्ष-य पेक्षा देखणं वाटतं. त्यातलं एक गणित नातवाला घाला. एक जण म्हणतो, मित्रा, मला शंभर दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन. दुसरा म्हणतो, तूच मला दहा दे, म्हणजे मी तुझ्या सहापट होईन. कुणाकडं किती? आपण दोन चलं घेऊन बसू. भास्कराचार्यांनी एकातच भागवलं. देवाणघेवाण झाल्यावर दुसऱ्याकडं ‘या’ उरले असं धरलं, म्हणजे पहिल्याकडं दोन ‘या’. तेव्हा आधी पहिल्याकडं २या − १००, दुसऱ्याकडं या + १००. पहिली अट इथंच पुरी झाली. दुसऱ्या अटीवरून या + ११० = ६(२या − ११०), म्हणून ११या = ७७०, या = ७०. पहिल्याकडं ४०, दुसऱ्याकडं १७०. अव्यक्त कशाला म्हणायचं हे निवडण्यातच त्यांनी अर्धं गणित सोडवलं. मुलांना हे शिकवायला आपण फार कमी वेळ देतो.

मात्र नातवाला ‘हे जगात सगळ्यात आधी आपण केलं’ असं सांगू नका. चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बांबूच्या काड्या मांडून लोपाचीच रीत वापरत. त्यांचं एक प्रसिद्ध गणित तीन प्रतींच्या धान्याच्या पेंढ्यांचं आहे. कुणाच्या पेंढ्या, कुणाचे रवे.

उद्यमनगरात माझं सुट्या भागांचं दुकान आहे, मोटारसायकलवरून माल पोचवतो. शहरात आणि महामार्गावर गाडी १०० किलोमीटरला किती पेट्रोल खाते ते वेगवेगळं काढायचं होतं. दोन पंधरवडे टाकी फुल करून मोजलं. पहिल्यात शहरात ३०० किमी, महामार्गावर २०० किमी, पेट्रोल ११.५ लिटर. दुसऱ्यात शहरात ३२०, महामार्गावर २१०, पेट्रोल १२.३ लिटर. मुलानं सोडवलं, तर शहरात ४.५ लिटर आणि महामार्गावर *उणे* १ लिटर! दोनदा तपासलं. चूक कुठं आहे?
— एक व्यावसायिक, उद्यमनगर

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि मग कागद घेतला. इतकं चांगलं उदाहरण मला शिकवण्याच्या सगळ्या वर्षांत सुचलं नव्हतं.

मुलाचं गणित बिनचूक आहे. शंभर किलोमीटरला शहरात क्ष आणि महामार्गावर य लिटर धरलं तर ३क्ष + २य = ११.५ आणि ३.२क्ष + २.१य = १२.३. यात ४.५ आणि −१ घाला, दोन्ही समीकरणं तंतोतंत जुळतात. म्हणजे गाडी महामार्गावर दर शंभर किलोमीटरला एक लिटर पेट्रोल तयार करते. तसं होत नाही, तेव्हा चूक मोजमापात आहे. आणि ती फार लहान आहे. दुसऱ्या पंधरवड्याचं पेट्रोल १२.३ च्या ऐवजी १२.२ लिटर धरून बघा: क्ष = २.५, य = २. म्हणजे शहरात लिटरला चाळीस, महामार्गावर पन्नास किलोमीटर. हे पटण्यासारखं आहे. शंभर मिलिलिटरच्या फरकानं उत्तर इकडचं तिकडं गेलं.

एवढ्याशा फरकानं एवढं का व्हावं? निश्चयक काढा: ३ × २.१ − २ × ३.२ = ६.३ − ६.४ = −०.१. शेवटी याच संख्येनं भागायचं असतं. भाजक एक दशांश असला की वर झालेली चूक दहापट होऊन उत्तरात उतरते, आणि वाटेत ३ नं, २ नं गुणलेली असते ती वेगळीच.

पण सूत्र बाजूला ठेवून पंधरवडेच बघा. पहिल्यात शहर आणि महामार्ग ३०० ला २००, दुसऱ्यात ३२० ला २१०. तुमचा दुसरा पंधरवडा जवळजवळ पहिल्याचीच नक्कल आहे. वरच्या मिसळीच्या दोन पावत्यांसारखं झालं. तिथं दुसरी पावती पहिलीची बरोबर दुप्पट होती म्हणून ० = ० आलं आणि आपण थांबलो. इथं नक्कल पुरती नाही, अगदी थोडा फरक आहे, म्हणून गणित थांबत नाही. ते उत्तर देतं, आणि ते सगळं उत्तर त्या थोड्याशा फरकावर उभं असतं. आलेख काढलात तर दोन रेषा जवळपास एकीवर एक पडलेल्या दिसतील. छेदनबिंदू आहे, पण एक रेषा केसभर सरकली की तो कितीतरी लांब घसरतो. शाळेत आपण उकल आहे, नाही, किंवा अनंत आहेत, असे तीन प्रकार शिकवतो. उकल आहे पण तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, हा चौथा प्रकार पुस्तकात नाही. प्रत्यक्ष मोजून आकडे आणणाऱ्याला तोच आधी भेटतो.

उपाय सोपा आहे: दोन पंधरवडे एकमेकांपासून जितके वेगळे ठेवता येतील तितके ठेवा. समजा एकात शहरात ४०० आणि महामार्गावर १०० किमी, दुसऱ्यात शहरात १०० आणि महामार्गावर ४०० किमी. खरा खप २.५ आणि २ असेल, तर पेट्रोल १२ आणि १०.५ लिटर लागेल. आता तीच शंभर मिलिलिटरची चूक मुद्दाम करू, दुसरा आकडा १०.६ धरू. उत्तर येतं सुमारे २.४९ आणि २.०३. चूक तेवढीच, पण उत्तर जेमतेम हललं, कारण निश्चयक आता १५ आहे. कराडकडची, सांगलीकडची पोचवणी एका पंधरवड्यात गोळा केलीत तर हे जमण्यासारखं आहे.

शंभर मिलिलिटरची चूक होते कुठं, तेही सांगते. गाडी एकदा साइड स्टँडवर कललेली आणि एकदा मधल्या स्टँडवर सरळ उभी असेल, तर ‘फुल’ टाकी दोन्ही वेळा सारखी नसते. म्हणून पहिल्या आणि शेवटच्या भरण्याला गाडी मधल्या स्टँडवर, पंप तोच, आणि नळी पहिल्यांदा आपोआप बंद पडली की थांबायचं, वरून थेंब थेंब घालायचं नाही. मधे कितीही वेळा भरलंत तरी चालेल, पावत्या मात्र जपून ठेवा.

आणखी एक, राजारामपुरीच्या मुलीला लिहिलं तेच. दोन्ही पंधरवड्यांत क्ष तोच हवा आणि य तोच हवा. पंचगंगेला पूर आला, २०१९ आणि २०२१ सारखं शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, तर तुम्ही आडवाटेनं, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर जाणार, आणि तो ‘महामार्गाचा’ खप राहणार नाही. तेव्हा पावसाचा जोर असेल ते दिवस सोडा. दसऱ्यानंतरचे दोन पंधरवडे धरा. अंतराचे चार आकडे आणि पेट्रोलचे दोन मला कळवा. सोडवायला मुलालाच बसवा, मी फक्त दुसऱ्या समीकरणात ताडून बघेन.